धवळे, भुलाबाई आणि झडती : वऱ्हाडाने आपली आठवण कशी जपली?

१/
तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रिद्धपूर येथे एका आगळ्या लग्नाचा थाट मांडला गेला. आजच्या अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात हे गाव आहे. वर होते श्रीगोविंदप्रभू, वृद्ध आणि पूर्ण विरक्त. त्यांनी लग्नाची हौस बोलून दाखविली आणि भक्तमंडळींनी ती लीळा म्हणून साजरी केली. लग्न म्हटले की धवळे आलेच. ते गाण्याचे काम महदाइसेकडे आले आणि तिने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गायिले.

२/
धवळे म्हणजे लग्नघरात वराला उद्देशून गायिली जाणारी बायकांची गाणी. हा प्रकार महदाइसेने निर्माण केलेला नाही. तो तिच्या आधीपासून अंगणात, मांडवात गायिला जात होता. तिच्या धवळ्यांचे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध मिळून १४८ कडवी आज उपलब्ध आहेत आणि त्यांच्यामुळे ती मराठीची आद्य कवयित्री मानली जाते. विषयही घरचाच होता. रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे कौंडण्यपूर याच जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी आहे.

३/
त्या काळी गाणारी महदाइसा एकटी नव्हती. बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. घरोघर, कामाकामाला गाणे होते. मग त्या असंख्य गाण्यांपैकी एकट्या महदाइसेचे धवळे आपल्या हाती कसे आले? याचे उत्तर गाण्याच्या गुणवत्तेत जेवढे आहे, तेवढेच ते रिद्धपुरातील एका सवयीत आहे. तेथे ऐकलेले लिहून ठेवणारी माणसे जमली होती.

४/
या माणसांत अग्रणी होते म्हाइंभट. मूळचे शास्त्री पंडित. चक्रधरस्वामींशी वाद घालण्यासाठी आले आणि शिष्य होऊन राहिले. चक्रधरांच्या प्रयाणानंतर शिष्यपरिवार रिद्धपुरी गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात एकवटला. नागदेवाचार्यांना चक्रधरांच्या आठवणी सतत दाटून येत. त्या लिहून ठेवाव्यात, हे म्हाइंभटांच्या मनाने घेतले आणि 'लीळाचरित्रा'चे काम सुरू झाले. ग्रंथाचा काळ सामान्यतः इ. स. १२७८ च्या सुमारास धरला जातो.

५/
म्हाइंभटांची पद्धत इतिहासाच्या विद्यार्थ्याने आजही अभ्यासावी अशी आहे. ज्याने प्रसंग पाहिला किंवा ऐकला, त्यालाच विचारायचे. लिहिलेले नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायचे. एकच प्रसंग दोघांनी वेगळा सांगितला, तर दोन्ही पाठ राखायचे, हा शिरस्ता महानुभाव पोथ्यांत पुढेही टिकला. अशा पाठभेदाला तेथे 'वासना' असे नाव आहे. एक पाठ खरा ठरवून दुसरा पुसून टाकण्याची घाई या परंपरेने केली नाही.

६/
त्याच वर्तुळातील आणखी एक प्रसंग महत्त्वाचा आहे. केशोबास हे संस्कृतचे जाणकार. त्यांचा कल संस्कृत रचनेकडे दिसताच नागदेवाचार्यांनी त्यांना अडविले. संस्कृतात लिहिले तर स्वामींचा सामान्य परिवार त्याला मुकेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. या सामान्य परिवारात म्हाताऱ्या बाया होत्या, अक्षरशत्रू साधक होते. ज्यांच्या आठवणींतून हा ठेवा उभा राहिला, त्यांना तो परत समजला पाहिजे, हा विचार सातशे वर्षांपूर्वी वऱ्हाडात स्पष्टपणे मांडला गेला होता.

७/
पुढे संकट आले. पंथीय परंपरा सांगते की, चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी झाली. तेव्हा ग्रंथ पुन्हा उभा राहिला तो पाठांतराच्या बळावर. हिराइसा नावाच्या साधिकेला लीळा मुखोद्गत होत्या आणि तिचा पाठ आजही तिच्या नावाने ओळखला जातो. स्मरणातून कागदावर आलेली गोष्ट कागद हरवल्यावर पुन्हा स्मरणात सापडली. दोन्ही ठिकाणी ठेवलेले एका ठिकाणी नष्ट झाले तरी उरते.

८/
यानंतरचे वळण मात्र वेगळे आहे. आक्रमणांची धास्ती, समाजातील विरोध आणि ग्रंथांच्या पावित्र्याची काळजी, यांमुळे पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या जाऊ लागल्या. सकळ, सुंदरी, वज्र, अंक अशी या लिप्यांची नावे. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे अक्षर येते. किल्ली जवळ असलेल्यालाच वाचता यावे, अशी ही रचना होती.

९/
या लिप्यांनी दोन परिणाम घडविले. ग्रंथ जसेच्या तसे राहिले, हा पहिला. शतकानुशतके नक्कल होऊनही त्यांची जुनी भाषा फारशी बदलली नाही. दुसरा परिणाम असा की, मराठी समाज या गद्याला सहा शतके मुकला. संस्कृतामुळे सामान्य परिवार वंचित होईल म्हणून जपलेली मराठी अखेर त्याच परिवाराबाहेर कुणाला वाचता येईना. महदाइसा मराठीत कविता रचून गेली, हे मराठी वाचकाला ठाऊकच नव्हते.

१०/
विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी आणि काही महंतांच्या सहकार्याने हे कुलूप उघडले. यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांनी १९२५ मध्ये 'महानुभावीय मराठी वाङ्मय' प्रसिद्ध केले. ह. ना. नेने यांनी नागपुरातून लीळाचरित्र छापले. बुलडाणा जिल्ह्यातील नरवेल गावी जन्मलेल्या वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती १९७८ मध्ये आली. म्हाइंभटांच्याच गोविंदप्रभुचरित्राचे अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९८४ मध्ये निघाले. रिद्धपूर जगाच्या नकाशावर आले.

११/
ही झाली पोथीतील आठवण. तिच्या शेजारी दुसरी एक आठवण कोणत्याही लिपीविना चालत राहिली. भाद्रपद पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, म्हणजे कोजागरीपर्यंत, अमरावती-अकोल्याच्या गावांत मुली भुलाबाई मांडतात. भुलाबाई आणि भुलोबा ही पार्वती-शंकराची लोकरूपे. मातीच्या मूर्ती, त्यांच्यापुढे गाणी, टिपऱ्यांचा ठेका आणि शेवटी झाकलेल्या डब्यातील खाऊ ओळखण्याचा खेळ. कोजागरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर उभा राहतो.

१२/
या गाण्यांचा विषय प्रामुख्याने सासर-माहेर. माहेरी जायला मागणारी सून, एकेक काम पुढे करून तिला अडविणारी सासू, न्यायला येणारा भाऊ. गाणाऱ्या मुली हसत-खेळत म्हणत असतात आणि पुढे आपल्याला कोठे जायचे आहे, हेही शिकत असतात. येथे कुणी म्हाइंभट नव्हता. मोठी बहीण म्हणायची, धाकटी ऐकायची. ज्या घरात मुली गोळा होत त्या प्रत्येक घरात या ठेव्याची एक प्रत होती, आणि प्रत्येक प्रत थोडी निराळी होती.

१३/
अशा परंपरेची ताकद तिच्या निमित्तात असते आणि तिचे दुबळेपणही तेथेच असते. पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, पहाटेच्या ओवीला जागा उरली नाही. वऱ्हाडाच्या शिवारात ज्वारी मागे हटली आणि कापसाजोडीला सोयाबीन पसरले, तेव्हा मखरासाठी धांडे शोधावे लागू लागले. गाणे कुणी बंद केले नाही. ते ज्या कामाच्या, ज्या वस्तूच्या आधाराने उभे होते तो आधार गेला.

१४/
मग संग्राहकांनी काय केले? ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात वऱ्हाडी बोलीचे नमुने आहेत. परंतु सर्वेक्षणाचा ठरलेला मजकूर बायबलमधील उधळ्या पुत्राची गोष्ट हा होता. तुलनेसाठी ते सोयीचे होते. त्यामुळे वऱ्हाडीचे व्याकरण नोंदले गेले. वऱ्हाडी माणसाला स्वतः काय सांगायचे होते, ते त्या रकान्यात बसत नव्हते.

१५/
हा प्रश्न जगभरचा होता. अमेरिकेच्या अ‍ॅपालेशियन डोंगराळ प्रदेशात १९१६ ते १९१८ या काळात सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलीस यांनी दीड हजारांहून अधिक चाली हाताने टिपून घेतल्या. काम अफाट होते. पण शार्प यांना तेथे जुने इंग्लंड शोधायचे होते. त्यामुळे कृष्णवर्णीयांचे संगीत, बॅन्जोवरची गाणी त्यांच्या वहीत फारशी आली नाहीत. संग्राहक जे शोधायला निघतो, बहुधा तेच त्याला सापडते.

१६/
महाराष्ट्रात साने गुरुजींनी खेड्यापाड्यांतील ओव्या गोळा करून १९४० मध्ये 'स्त्रीजीवन' प्रसिद्ध केले. पुढे गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी मावळातून सुरू केलेल्या कामातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. या संग्रहात ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव नोंदले गेले. लोकसाहित्य 'अनामिक' असते, असे आपण सहज म्हणतो. पुष्कळदा ते अनामिक असते, कारण विचारणाऱ्याने नाव विचारलेले नसते.

१७/
वऱ्हाडाचा एक आवाज असा वेळेवर पकडला गेला. संत गाडगेबाबा १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मले. त्यांचे कीर्तन म्हणजे श्रोत्यांशी चाललेली प्रश्नोत्तरे, तीही ठसठशीत वऱ्हाडीत. ते लिहिणारे नव्हते. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. २० डिसेंबरला अमरावतीजवळ त्यांचे निधन झाले. सहा आठवड्यांचाच अवधी होता. प्रश्न विचारून थांबण्याची त्यांची रीत, श्रोत्यांचा हुंकार, हे सारे आज ऐकता येते ते त्या एका मुद्रणामुळे.

१८/
लेखकांनीही आपापला वाटा उचलला. उद्धव शेळके यांच्या 'धग' या १९६० च्या कादंबरीत वऱ्हाडी बोली विनोदासाठी वापरलेली नाही. ती कौतिकच्या दुःखाची भाषा आहे. अकोल्याचे विठ्ठल वाघ यांनी वऱ्हाडीत कविता लिहिली आणि तिच्या म्हणींचाही अभ्यास केला. अंजनगाव सुर्जीचे मधुकर वाकोडे यांनी लोकसाहित्याचा अभ्यास आणि मेळघाटातील कोरकू जीवनावरील 'झेलझपाट' ही कादंबरी, अशी दोन्ही कामे केली. बोलीतले शब्द छापील पानावर आले की, शाळेत संकोचणाऱ्या मुलालाही ते आपले वाटतात.

१९/
तरीही जी परंपरा आज ठणठणीत दिसते, ती संग्रहामुळे टिकलेली नाही. पोळ्याच्या दिवशी गावाच्या तोरणाखाली सजविलेल्या बैलांच्या जोड्या उभ्या राहतात आणि माणसे झडत्या म्हणतात. या यमक जुळविलेल्या, खणखणीत, बोचऱ्या ओळी. त्यांतील काही पिढीजात आहेत. काही मात्र त्याच वर्षीच्या असतात. कापसाचा भाव, कर्ज, निवडणूक, पुढारी, कशालाही झडतीत जागा मिळते. झडतीचा साचा जुना आहे, पण सांगायची गोष्ट आजची आहे. म्हणूनच बारा-चौदा वर्षांचा मुलगाही ती म्हणायला पुढे सरसावतो.

२०/
धवळे, भुलाबाई आणि झडती यांना शेजारी ठेवून पाहिले की, एक गोष्ट ध्यानात येते. धवळे पोथीत टिकले, पण लग्नघरातून गेले. भुलाबाई अंगणात टिकली, पण निमित्त सुटेल तशी विरळ होत आहे. झडती टिकली, कारण गावाला तिच्यातून अजून काही बोलायचे आहे. जतन करणे आणि वाटून घेणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. पहिलीने ठेवा शाबूत राहतो, दुसरीने तो कुणाचा तरी राहतो. सकळ लिपीची सहा शतके पहिलीची मर्यादा दाखवितात, तर जात्यावरच्या हरवलेल्या ओव्या दुसरीची.

२१/
या दोन्ही क्रिया एकत्र करणे तरुणांना साधते. १९६६ मध्ये अ‍ॅपालेशियन भागातीलच जॉर्जिया राज्यात एका शाळेच्या मुलांनी गावातील म्हाताऱ्या माणसांना जुनी कामे, गाणी, गोष्टी विचारून 'फॉक्सफायर' हे मासिक काढले. १९७२ मध्ये त्याचे पहिले पुस्तक निघाले. मुलांनी विचारले म्हणून म्हाताऱ्यांना बोलावेसे वाटले, आणि छापलेले पुन्हा त्याच गावात वाचले गेले. शार्प यांना जे जमले नव्हते, ते त्या डोंगरातील मुलांना जमले.

२२/
रिद्धपुरात २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पण म्हाइंभटांची रीत वापरण्यासाठी विद्यापीठाचीही गरज नाही. भाद्रपद पौर्णिमा दरवर्षी येते. आजीला भुलाबाईचे एक गाणे विचारावे. ते तिने कुणाकडून, कोणत्या गावात ऐकले, तेही विचारावे. नाव लिहावे. शेजारची आजी तेच गाणे वेगळे म्हणत असेल, तर 'वासना' म्हणून तेही लिहावे, कुणालाही चूक ठरवू नये. आणि कोजागरीला ते गाणे घरातील धाकट्या मुलींबरोबर एकदा म्हणून पाहावे. हिराइसेनेही लीळा ऐकल्या होत्या आणि पुन्हा पुन्हा म्हटल्या होत्या. म्हणूनच पोथी हरवली, तेव्हा त्या तिच्याकडे सापडल्या.