ब्रेकचें अस्तर

मोटारगाडी पळविणाऱ्या यंत्राच्या इतिहासावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. ती थांबविणाऱ्या साधनाची हकीकत मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. त्या साधनांतही खरें काम करणारा भाग म्हणजे एक लहानशी पट्टी. तिला मिस्त्री लोक लायनर म्हणतात. नव्या गाड्यांत तिचें नांव पॅड. पाय दाबला कीं ही पट्टी फिरत्या लोखंडावर घांसते, तापते आणि झिजते. यंत्राचे इतर भाग झिजूं नयेत म्हणून कारागीर धडपडत असतो. ही एक वस्तु मात्र झिजण्यासाठींच बनविलेली असते. ती झिजली नाहीं तर तिच्यासमोरचें लोखंड झिजेल. झिजलेली पट्टी काढावी, नवी बसवावी, कीं काम झालें. पण जें झिजलें तें गेलें कोठें, हा प्रश्न विचारण्यास मनुष्याला फार वेळ लागला.

पट्टीचा उगम पादत्राणांत आहे असें म्हटल्यास तें विनोदानें घेऊं नये. जर्मनींतील मानहाइम येथील कार्ल बेंझ यांना १८८६ सालीं त्यांच्या तीनचाकी मोटारगाडीचें पेटंट मिळालें. पुढें दोन वर्षांनीं, १८८८ च्या ऑगस्टांत, त्यांची पत्नी बेर्टाबाई नवऱ्याला न सांगतां दोन मुलांसह ती गाडी घेऊन फोर्ट्झहाइमला माहेरीं निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडें अधिक. वाटेंत वीसलोख गांवच्या औषधांच्या दुकानांतून इंधन विकत घ्यावें लागलें. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनें मोकळी करावी लागली. चढावावर मुलें गाडी ढकलीत. उतारावर मात्र ढकलण्याची नव्हे, आवरण्याची चिंता होती, आणि आवरण्याचे लांकडी ठोकळे घांसून घांसून संपत आले. तेव्हां बाईंनीं वाटेवरच्या एका मोच्याकडून त्या ठोकळ्यांवर चामडें ठोकून घेतलें. ब्रेकच्या अस्तराची पहिली नोंद म्हणून हीच हकीकत सांगतात. घरापासून दूर, गॅरेज नांवाची वस्तु जन्मास येण्यापूर्वीं, हाताशीं असेल त्या सामानानें केलेली ही दुरुस्ती होय.

इंग्लंडांतील डर्बीशायरच्या डोंगराळ भागांत घोडागाडीवाल्यांनीं तीच युक्ति आपल्या परीनें काढली होती. उतार तीव्र, चाकावर दाबला जाणारा ठोकळा लांकडी. मग त्यावर जुन्या बुटाचे तुकडे ठोकून ते वेळ निभावीत. १८९७ च्या सुमारास हर्बर्ट फ्रूड यांचें लक्ष या बुटांकडे गेलें. जुन्या बुटापेक्षां टिकाऊ कांहीं बनवितां येईल काय, या विचारानें त्यांनीं विणलेल्या पट्ट्याला चिकट द्रव्यांचीं पुटें देऊन पाहिलीं. त्यांतून जो धंदा उभा राहिला त्याला त्यांनीं फेरोडो नांव दिलें. फ्रूड या आडनांवाचीं इंग्रजी अक्षरें उलटसुलट करून आणि त्यांत पत्नी एलिझाबेथ हिच्या नांवांतील एक अक्षर मिळवून तें बनलें आहे.

सुताला मात्र एक मर्यादा आहे: तें फार तापलें कीं करपतें. मोटारींचा वेग आणि वजन वाढूं लागलें तसें हें संकट रोजचें झालें. १९०२ मध्यें इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं फिरत्या चकतीला दोन्ही बाजूंनीं चिमटींत धरणाऱ्या ब्रेकचें पेटंट घेतलें. आजचा डिस्क-ब्रेक तो हाच. परंतु धातूवर धातू घांसल्यानें तो असा किंचाळे कीं रस्त्यावरचीं माणसें कानांवर हात ठेवीत असतील. त्याच वर्षीं फ्रान्समध्यें लुई रेनो यांनीं डब्याच्या आंतून दाबणारा ड्रम-ब्रेक पुढें आणला आणि पुढचीं पन्नास वर्षें बाजारांत तोच राहिला.

१९०८ सालीं फ्रूड यांनीं सुताऐवजीं ॲस्बेस्टॉस वापरलें. खाणींतून निघणारा हा दगड. पण त्याचे तंतु निघतात, विणतां येतात आणि आगींत जळत नाहींत. मनाजोगें अस्तर मिळालें असें सर्वांस वाटलें, आणि ज्या मापानें तेव्हां मोजीत त्या मापानें तें खरेंही होतें.

त्याच वर्षीं अमेरिकेंत फोर्डची मॉडेल टी गाडी निघाली. १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटी प्रती बाहेर पडल्या, आणि अस्तर घरीं बदलण्याची संवय खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांपर्यंत पोंचविली ती हिनेंच. तिचा पायाचा ब्रेक चाकांवर नव्हे, तर गिअरच्या पेटींत तेलांत बुडालेल्या पट्ट्यावर चाले, आणि त्या पट्ट्यास विणलेल्या सुताचें अस्तर असे. मालक पायाखालचें झांकण उघडून तें स्वतः बदली. नट हातून निसटून पेटींत पडला तर सारा दिवस त्याला शोधण्यांत जाई. पण मौज पुढेंच आहे. झिजलेल्या सुताचा बारीक कापूस तेलांत मिसळे आणि तेलाची नळी तुंबवून इंजिनच्या पुढच्या भागास उपाशी ठेवी. झिजलेला भाग नाहींसा होत नाहीं, हें त्या गाडीनें आपल्या मालकास फार लवकर सांगितलें होतें.

ॲस्बेस्टॉसनें तेंच निराळ्या रीतीनें सांगितलें. लँकेशायरमधील रॉचडेल येथें ॲस्बेस्टॉसचें सूत कातणारी नेली कर्शॉ ही कामगार स्त्री १९२४ सालीं वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं वारली. तिच्या फुप्फुसांत त्या दगडाचे कण सांपडले. १९३० मध्यें मेरेवेदर व प्राइस यांचा सरकारी अहवाल निघाला आणि १९३१ मध्यें ब्रिटनमध्यें धुळीसंबंधीं नियम झाले. ते नियम कारखान्यांसाठीं होते. घराच्या आवारांत जॅकवर गाडी उचलणाऱ्या गृहस्थाचा त्यांत विचार नव्हता. तो ड्रम काढी, आंत सांचलेली करडी पूड फुंकून किंवा ब्रशानें झाडून टाकी, नवें अस्तर ठोकी, त्याच्या कडा कानशीनें घांसून बेताच्या करी. शेजारीं मुलें पाहत उभीं असत. तेच कपडे घालून तो जेवणास घरांत जाई.

१९५३ च्या ले मां शर्यतींत डिस्क-ब्रेक लावलेली जॅग्वार विजयी झाली आणि १९५५ मध्यें सिट्रोएन डीएस या फ्रेंच गाडीच्या पुढच्या चाकांना तसेच ब्रेक आले. त्यामुळें घरचें काम सोपें झालें. चाक काढावें, चिमट्याचा बोल्ट सोडावा, जुने पॅड ओढून काढावे, दट्ट्या हळूहळू मागें रेटावा आणि नवे पॅड बसवावे. दट्ट्या मागें गेला कीं ब्रेक-तेल वर चढतें, त्याकडे लक्ष हवें. गाडी हलविण्यापूर्वीं पेडल पांचसात वेळां दाबावें, नाहींतर पहिल्या वळणावरच पाय तळाशीं जातो. बऱ्याच पॅडांना एक पत्र्याची जीभ असते; पॅड संपत आला कीं ती चकतीवर घांसून किंचाळते. लँचेस्टर यांना ज्या आवाजानें हैराण केलें, तोच आतां मुद्दाम ठेवलेला आहे.

पॅडमध्येंही कित्येक वर्षें ॲस्बेस्टॉस होतेंच. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानें १९८६ मध्यें मोटार-दुरुस्ती करणाऱ्यांसाठीं सूचना काढल्या. २००७ च्या सूचनांत घरीं काम करणाऱ्यांचाही स्वतंत्र उल्लेख आला. हवेच्या झोतानें धूळ उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसावें, कामाचे कपडे घरांत नेऊं नयेत, अशा त्या साध्या गोष्टी. या धुळीनें दुरुस्ती करणाऱ्यांना कितपत अपाय झाला यावर तज्ज्ञांत वाद आहे, आणि तो पोरकट नाहीं. घर्षणाच्या उष्णतेनें बराचसा ॲस्बेस्टॉस दुसऱ्याच निरुपद्रवी खनिजांत पालटतो, असें एका पक्षाचें म्हणणें. परंतु नव्या अस्तराच्या कडा कानशीनें घांसतांना उडणाऱ्या पुडीला ती उष्णता लागलेलीच नसते, हें विसरून चालत नाहीं. ब्रिटननें १९९९ मध्यें त्याच्या उरलेल्या प्रकारावरही बंदी घातली. युरोपीय संघानें २००५ पासून.

त्याच्या जागीं अरामिड तंतु, पोलाद आणि तांबें आलें. मग तांब्याची पूड पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जाऊन सामन माशांना बाधते असें आढळलें. वॉशिंग्टन व कॅलिफोर्निया या अमेरिकन राज्यांनीं २०१० मध्यें कायदे करून पॅडांतील तांब्याचें प्रमाण टप्प्याटप्प्यानें खालीं आणावयाचें ठरविलें: २०२१ पासून शेंकडा पांच, २०२५ पासून शेंकडा अर्धा. २०२४ मध्यें युरोपीय संघानें संमत केलेल्या यूरो ७ नियमांत, धुराड्यांतून निघणाऱ्या धुराबरोबरच ब्रेक झिजून उडणाऱ्या कणांनाही प्रथमच मर्यादा घातली आहे. दर किलोमीटरला किती मिलिग्रॅम झिजावें याचें माप आतां कायद्यांत लिहिलेलें आहे.