गॅझेटियर

कोल्हापूर संस्थानाचा गॅझेटियर १८८६ साली मुंबई इलाख्याच्या मालेतील चोविसावा खंड म्हणून निघाला. मालेचे संपादक जेम्स कॅम्पबेल. ‘गॅझेटियर’ या भारदस्त शब्दाचे मूळ मात्र चिल्लर नाण्यात आहे. सोळाव्या शतकात व्हेनिसमध्ये बातमीपत्रक ‘गाझेता’ नावाच्या छोट्या नाण्याला मिळे. नाण्याचे नाव पत्रकाला चिकटले. तेच इंग्रजीत ‘गॅझेट’ झाले आणि गॅझेटियर म्हणजे बातमीदार. लॉरेन्स एकार्डने १६९०च्या दशकात बातमीदारांना परकी गावे कळावीत म्हणून स्थलकोश रचला. पुढे बातमीदाराचे हे नाव ग्रंथालाच पडले.

कोल्हापूरच्या खंडात स्थळांच्या वर्णनाचा साचा ठरलेला: गावांची नावे रोमन अकारविल्ह्याने, मग अंतर, लोकसंख्या, बाजार, देवळे. पन्हाळा कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे १२ मैल, अशी सुरुवात होऊन वर्णन थेट तटबंदीशी आणि इतिहासाशी भिडते. ही या ग्रंथाची खरी श्रीमंती.

मराठीत आज ‘दर्शनिका’ हा शब्द रूढ आहे, मुळाशी ‘दृश्’ धातू. बातमीपेक्षा पाहण्याला मान देणारा हा शब्द ग्रंथाच्या कामाशी अधिक इमानी आहे. ‘गॅझेट’ला मात्र मराठीने ‘राजपत्र’ म्हटले.