स्त्रोत्सींचा वाडा: फ्लोरेन्समधलं एक अर्धवट राहिलेलं बांधकाम

आज एका घराची गोष्ट.

तारीख ६ ऑगस्ट १४८९, वेळ पहाटेची. फ्लोरेन्सच्या मध्यवस्तीत भला मोठा खड्डा खणलाय आणि पाया घालायचा मुहूर्त ज्योतिषांनी काढून दिलाय. (हो, इटलीतसुद्धा.) बघ्यांच्या गर्दीत त्रिबाल्दो दे रोस्सी नावाचा एक गृहस्थ आहे. तो घरून पोरांना बोलावून घेतो. चार वर्षांचा ग्वार्निएरी नवे कपडे घालून येतो. बाप त्याला कडेवर घेतो, खड्ड्यात टाकायला एक नाणं देतो, पोराच्या हातातली गुलाबाची फुलंही टाकायला लावतो. मग विचारतो, लक्षात राहील ना रे हे? पोरगं हो म्हणतं. हे सगळं त्रिबाल्दोने स्वतःच वहीत लिहून ठेवलंय.

दुसऱ्याचं घर, आणि याला एवढं कौतुक का? कारण ते घर फिलिप्पो स्त्रोत्सीचं होतं.

१४३४ साली कोसिमो दे मेदिची फ्लोरेन्सला परतला आणि त्याने विरोधकांना एकेक करून शहराबाहेर काढलं. त्यात फिलिप्पोचा बाप मात्तेओ होता. तो परमुलखातच वारला. आई आलेस्सांद्राने पोरं वाढवली. ती मोठी झाल्यावर कमवायला बाहेर पडली आणि ही मागे एकटी. तिने मुलांना लिहिलेली सत्तरहून अधिक पत्रं आज वाचायला मिळतात. कर, उसनवारी, लग्नाची स्थळं, सगळं त्यात आहे. पुढे मुलंही अधिकृतपणे तडीपार झाली. फिलिप्पोने नेपल्समध्ये सावकारीत अफाट पैसा कमावला आणि १४६६ मध्ये बंदी उठल्यावर तो घरी आला.

घर बांधायची मात्र त्याने घाई केली नाही. आधी बरीच वर्षं आजूबाजूची घरं आणि जागा विकत घेत राहिला. अडचण पैशाची नव्हतीच. शहरात सत्ता मेदिचींची. त्यांच्यापेक्षा मोठं घर बांधायला काढलं तर पुन्हा बॅग भरायची वेळ यायची.

त्याच्या एका मुलाने बापाचं चरित्र लिहिलंय, त्यात हा किस्सा आहे. फिलिप्पो म्हणे सगळ्यांना सांगत फिरायचा की मला साधंसंच घर हवंय, खाली दुकानं काढीन, भाडं येईल. हे लोरेन्झो दे मेदिचीच्या कानावर गेलं. लोरेन्झो म्हणाला, छे, दुकानं कसली, शहराला शोभेल असं बांध! फिलिप्पो खर्चाच्या नावाने कुरकुरत कुरकुरत तयार झाला. मुलाने सांगितलेली गोष्ट आहे, थोडा मसाला धरून चला. पण मंजुरीची सही समोरच्याकडूनच, तीही त्याचीच आयडिया म्हणून! आमच्या डिझाइन रिव्ह्यूला हे कुणालाच जमत नाही.

तर हा पलात्सो. (आपल्याकडे पँटला लावतात तोच शब्द.) जुलियानो दा सांगाल्लोने लाकडी मॉडेल केलं, ते अजून जपलेलं आहे. बेनेदेत्तो दा मायानोही कामात होता, आणि नंतर क्रोनाका या टोपणनावाच्या वास्तुविशारदाने सूत्रं घेतली. बाहेरून बघाल तर किल्लाच. फुगीर घडवलेले भुरे दगड, तळमजल्यावर चांगले उठावाचे आणि वर जाताना हळूहळू सपाट. तीन बाजूंना तीन एकसारखे दरवाजे. आत गेलं की एकदम खांबांचा, उजेडाचा मोकळा चौक. आपल्या वाड्यासारखंच, रस्त्याला पाठ आणि चौकाला तोंड. फक्त इथे रस्त्याच्या बाजूला लोकांना बसायला भिंतीला लागून दगडी कट्टाही आहे.

कोपऱ्यांवरचे लोखंडी दिवे निक्कोलो ग्रोस्सो या लोहाराचे. त्याचं टोपणनाव काप्पारा, म्हणजे इसार. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही. वासारी सांगतो की त्याच्या दुकानावर जळणाऱ्या हिशेबवह्यांचं चित्र होतं. उधारी मागितली की म्हणायचा, कुठे लिहू, वह्या तर जळतायत! ‘आज रोख, उद्या उधार’चा हा पूर्वज.

जवळच लुका लांदुच्ची नावाच्या औषधविक्याचं दुकान होतं. त्याच्या रोजनिशीत दगडांचे ढीग, खेचरं, धूळ, बघ्यांची गर्दी, सगळ्याची तक्रार आहे. मेट्रोच्या खोदकामासमोर दुकान असणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

मे १४९१ मध्ये फिलिप्पो गेला. बांधकाम अजून तळमजल्यावरच होतं. मृत्युपत्रात त्याने मुलांना ते पूर्ण करण्याच्या अटीत बांधून ठेवलं आणि घराचे दोन वाटे केले. एक पहिल्या बायकोच्या मुलाचा, दुसरा दुसऱ्या बायकोच्या मुलांचा. काम पुढे कित्येक वर्षं चाललं.

पाया घातला तेव्हा धाकटा मुलगा जेमतेम सात महिन्यांचा होता. बाप गेल्यावर त्याचंच नाव बदलून फिलिप्पो ठेवलं. त्याने मेदिचींचीच मुलगी केली, क्लारिचे. शहरात फोर्तेझ्झा दा बास्सो हा किल्ला उभा राहिला, तेव्हा मेदिचींना कर्जही यानेच दिलं. मग बिनसलं. १५३७ मध्ये मोंतेमुर्लोच्या लढाईत तो पकडला गेला आणि १५३८ मध्ये त्याच किल्ल्याच्या कोठडीत मेला. वाडा जप्त झाला. तो परत मिळायला तीस वर्षं गेली.

त्यानंतर मात्र १९३७ पर्यंत तो स्त्रोत्सींकडेच होता. मग एका विमा संस्थेने विकत घेतला. आता तिथे मोठमोठी कलाप्रदर्शनं भरतात. कधी गेलात तर रस्त्यावरून मान वर करून बघा. छपराखाली क्रोनाकाचं भव्य दगडी कॉर्निस दिसेल. नजर तशीच पुढे नेत राहा. एका ठिकाणी ते थांबतं, आणि पुढे नुसती भिंत.