नामकरणाचे राजकारण : सर जेम्स फर्ग्युसन आणि मराठी ज्ञानव्यवहार

एकोणिसाव्या शतकातील मराठी वाङ्मयीन संस्कृतीची चर्चा लेखक, नियतकालिके आणि शिक्षणसंस्था यांच्याभोवती फिरते. संस्थांना ज्यांची नावे मिळाली ते सत्ताधीश मात्र नामफलकापुरते उरतात. सर जेम्स फर्ग्युसन (१८३२-१९०७) हे त्यांपैकी एक. क्रिमियन युद्धात लढलेले फर्ग्युसन १८५४ मध्ये हुजूर पक्षातर्फे पार्लमेंटमध्ये गेले. दक्षिण ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि १८८० ते १८८५ या काळात मुंबई इलाखा येथे ते गव्हर्नर होते. पुढे ते मँचेस्टरमधून पुन्हा निवडून आले, पोस्टमास्तर जनरल झाले आणि जमैकातील भूकंपात मृत्यू पावले. अशा कारकिर्दीत वसाहत हा पक्षीय राजकारणातलाच एक टप्पा असतो.

त्यांच्याच कारकिर्दीत, १८८१ मध्ये, 'केसरी' व 'मराठा' निघाले. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणी टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिले. याच मंडळींनी १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापली आणि २ जानेवारी १८८५ रोजी सुरू केलेल्या महाविद्यालयाला गव्हर्नरांचे नाव दिले. गव्हर्नरांनी १,२०० रुपयांची देणगी दिली.

याला लाचारी म्हणणे सोपे आहे. परंतु ते अपुरे वाचन होय. सत्तेचे नाव धारण करून सत्तेबाहेरचा ज्ञानव्यवहार उभारण्याची ही रीत होती. नाव गव्हर्नरांचे, पण पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे आणि पुढे प्राचार्यपदी आगरकर. कालांतराने चिन्ह राहिले, चिन्हित बदलले : मराठीत 'फर्ग्युसन' हे व्यक्तीचे नाव न राहता स्थळाचे झाले. तथापि या व्यूहाची किंमतही होती. सत्तेशी वाटाघाट करूनच विरोधाला जागा मिळवायची, ही मर्यादा त्यातच अनुस्यूत होती.

देगलूरसह मराठवाडा या गव्हर्नरांच्या अधिकाराबाहेर, निजामाच्या राज्यात होता. तेथे १९१८ मध्ये शासकाचेच नाव धारण करणारे उस्मानिया विद्यापीठ निघाले. माध्यम उर्दू होते. पुण्यात प्रजेने सत्ताधीशाचे नाव वापरले, हैदराबादेत सत्तेने स्वतःचे नाव कोरले. १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेल्या विद्यापीठाला निजामाविरुद्ध लढलेल्या स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव मिळाले. ही तीन नावे एकत्र वाचल्याखेरीज मराठी प्रबोधनाचा इतिहास पुण्यापुरताच राहील.