बाळंतरोगाच्या नांवाआड

वाशीम म्हणजे वाकाटकांचें वत्सगुल्म. तेथील ताम्रपटाची चर्चा आमच्या संशोधकांनीं पुष्कळ केली आहे. त्याच गांवच्या माजघरांत झालेल्या मरणांचा इतिहास मात्र कोणत्याच ताम्रपटावर सांपडावयाचा नाहीं. तो एका शब्दांत शोधावा लागतो. तो शब्द ‘बाळंतरोग’.

प्रसूतीनंतर ताप हटेना, अन्न गोड लागेना, खोकल्यानें व घामानें देह झिजूं लागला, कीं घरचीं माणसें म्हणत, बाळंतरोग झाला. या एका नांवांत अनेक विकार मोडत. क्षयही त्यांतच दडे. नांवानेंच रोगाचा जन्म प्रसूतीपासून धरल्यावर त्यापूर्वीच्या नऊ महिन्यांकडे कोण पाहणार? गर्भिणीस थकवा यावयाचाच, धाप लागावयाचीच. गर्भाबरोबर वजन वाढतें, त्यांत देहाची झीज झांकली जाते. प्रसूतीनंतर शरीराची प्रतिकारशक्ति पूर्वपदावर येऊं लागली म्हणजे दबलेला रोग एकदम उसळतो, आणि दोष बिचाऱ्या बाळंतपणाच्या माथीं बसतो.

पंडितही यांत फसले. गर्भारपण क्षयास थोपवितें, असें युरोपांतले वैद्य दीर्घकाळ मानीत. १८५० च्या सुमारास फ्रेंच वैद्य ग्रिझोल यानें रुग्णांचे दाखले देऊन त्या समजास धक्का दिला. २४ मार्च १८८२ रोजीं कॉखनें क्षयाचा जंतु जाहीर केला. वऱ्हाडांत त्याचा उजेड पडावा कसा? इंग्रजी अमदानीच्या मृत्युनोंदींत पटकी, देवी, ताप असे मोजकेच वर्ग. वैद्यानें न पाहिलेलें मरण बहुधा ‘तापां’त जमा होई. आणि बाळंतिणीच्या खोलींत पुरुष डॉक्टरास मज्जाव! तेथें जाऊं शकणाऱ्या आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ मध्यें अमेरिकेंत आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून पदवी मिळविली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं त्या पुण्यास क्षयानेंच गेल्या. चौदाव्या वर्षीं झालेलें त्यांचें मूल दहाच दिवस जगलें होतें. त्या मृत्यूशीं क्षयाचा संबंध जोडण्यास आधार नाहीं, व तो जोडूंही नये.

पुढें १९४३ मध्यें स्ट्रेप्टोमायसिन सांपडलें. पण तेंच गर्भाच्या श्रवणास अपाय करतें, म्हणून गर्भिणीस आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, इथॅम्ब्यूटॉल इत्यादि औषधें देतात. मात्र आधीं रोग ओळखला पाहिजे. क्वचित् तो नाळेवाटें गर्भांत उतरतो. आणि अशा वेळीं कित्येकदां बाळाचें निदान आधीं होतें, व त्यावरून आईच्या गर्भाशयांतील क्षयाचा शोध लागतो.