पॉवर स्टेशनचा शटडाऊन : कर्जत-खालापूरच्या मुलांनी तात्पुरतं काम कसं शोधावं?

"शटडाऊन लागलाय, माणसं पाहिजेत" असा निरोप व्हॉट्सॲपवर येतो आणि दोन दिवसांत गावातली पाच-दहा पोरं बॅग भरून निघतात. काम काय, पगार कोण देणार, हे बऱ्याच जणांना तिथे पोहोचल्यावर कळतं. मी खालापूर तालुक्यातला, आयटीआय फिटर, आणि असे शटडाऊन केलेले आहेत. निघण्याआधी काय माहीत असायला हवं ते क्रमाने सांगतो.

शटडाऊन म्हणजे काय?

औष्णिक केंद्रात बॉयलर, टर्बाइन आणि जनरेटर मिळून एक संच, म्हणजे युनिट. ते महिनोन् महिने चालतं आणि मग ठरवून बंद करतात. याला वार्षिक ओव्हरहॉल म्हणतात. काही वर्षांनी टर्बाइन पूर्ण उघडतात, ते मोठं ओव्हरहॉल. शिवाय बॉयलरची कायद्याने तपासणी होऊन प्रमाणपत्राचं नूतनीकरण व्हावं लागतं. त्यासाठी बॉयलर थंड करून उघडावाच लागतो.

युनिट बंद असेल तितके दिवस वीज विकता येत नाही. म्हणून काम रात्रंदिवस दोन पाळ्यांत चालतं. स्कॅफोल्डिंग बांधणं, इन्सुलेशन काढणं-बसवणं, ट्यूब कापून वेल्डिंग करणं, व्हॉल्व्ह-पंप उघडणं, राख साफ करणं, या सगळ्याला कायमचा स्टाफ पुरत नाही. तिथे आपला नंबर लागतो.

आपल्या भागात काय आहे?

आपल्याकडे टाटा पॉवरची दोन जुनी जलविद्युत केंद्रं आहेत : खोपोली (1915 पासून, आज 72 मेगावॉट) आणि कर्जत तालुक्यातलं भिवपुरी (1922 पासून, आज 75 मेगावॉट). घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी पाइपातून खाली येऊन पेल्टन चाकं फिरवतं. इथे बॉयलर नाही, राख नाही. त्यामुळे माणसं कमी लागतात आणि तीही बहुतेक कुशल. शिवाय खोपोलीतून सुटलेलं पाणी पाताळगंगेत आणि भिवपुरीचं पेज नदीत जातं. त्यावर खालच्या पाणीयोजना आणि शेती चालते. सगळी युनिटं एकदम फार दिवस बंद ठेवणं सोपं नाही.

म्हणून जास्त माणसं लागणारं काम बाहेर असतं : ट्रॉम्बे, डहाणू, उरणचं गॅस टर्बाइन केंद्र, किंवा लांब नाशिक, भुसावळ, कोराडी, चंद्रपूर. ट्रॉम्बेला कर्जतहून रोज लोकलने जाता येतं, पण बारा तासांच्या पाळीवर प्रवासाचे चार तास धरा. पाताळगंगा-रसायनी पट्ट्यातल्या कारखान्यांच्या बॉयलरलाही शटडाऊन लागतात. पहिला अनुभव घ्यायला ते जवळ पडतात.

कधी लागतो?

पावसाळ्यात एसी आणि शेतीपंप कमी चालतात, विजेची मागणी उतरते. त्यामुळे बरीचशी औष्णिक युनिटं जून ते सप्टेंबरमध्ये ओव्हरहॉलला घेतात. आपल्याकडे नेमकी तेव्हाच भाताची लावणी. घरची शेती असेल तर हे आधीच ठरवा, कारण शटडाऊन अर्धवट सोडून आलेल्याला पुढच्या वेळी कोणी बोलवत नाही.

कोणतं युनिट कधी बंद होणार हे गुपित नसतं. पश्चिम विभागाचं वेळापत्रक मुंबईतल्या वेस्टर्न रिजनल पॉवर कमिटीत ठरतं. तिच्या वेबसाइटवर लोड जनरेशन बॅलन्स रिपोर्ट शोधा, त्यात युनिटनिहाय नियोजित बंद दिलेले असतात. तारखा पुढे-मागे होतात, पण महिना कळतो.

काम कोणाकडे मागायचं?

वीज कंपनी थेट घेत नाही. ती ठेकेदाराला वर्क ऑर्डर देते, तो उपठेकेदाराला आणि तो मुकादमाला. साखळी जितकी लांब तितके आपल्या हातात पैसे कमी. त्यामुळे मुख्य ठेकेदाराच्या साइट ऑफिसपर्यंत पोहोचायचा प्रयत्न करा. महानिर्मितीची टेंडरं ऑनलाइन असतात, तिथे ओव्हरहॉलिंगची कामं दिसतात. काम लावून देण्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

सोबत काय ठेवायचं?

- आधार, बँक पासबुक, फोटो
- पीएफचा यूएएन आणि असल्यास ईएसआय नंबर
- आयटीआय प्रमाणपत्र, वायरमन असाल तर परवाना
- प्रेशर पार्टवर काम करणाऱ्या वेल्डरला आयबीआर प्रमाणपत्र
- मागितल्यास पोलीस पडताळणी आणि मेडिकल (उंचीवरच्या कामासाठी वेगळी तपासणी होते)

निघण्याआधी हे विचारा

1. मुख्य ठेकेदार कोण, काम कोणत्या प्लँटला?
2. हजेरी आठ तासांची की बाराची? समजा आठ तासांचे 600 रुपये ठरले, म्हणजे तासाला 75. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट, म्हणजे चार तासांचे आणखी 600. बारा तासांचे 1200 झाले. "बारा तासांचे 900" म्हणणारा तुमचे 300 रुपये रोज कापतोय.
3. गेटपास बनेपर्यंतच्या रिकाम्या दिवसांचे पैसे आणि जेवण कोणाकडे?
4. राहायची सोय काय?
5. हिशोब कधी, रोख की बँकेत?

रोजची हजेरी स्वतःच्या वहीत लिहा आणि गेटपासचा फोटो काढून ठेवा. माझ्या ओळखीच्या एका टोळीचे शेवटचे बारा दिवस अडकले होते, ते वहीमुळेच मिळाले. पीएफ जमा होतोय का ते उमंग ॲपवर दिसतं. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. तक्रार जिथे काम केलं त्या जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात करा.

आत शिरण्याआधी

बॉयलर, टाकी, डक्ट किंवा जलविद्युतचा पेनस्टॉक, आत जाण्याआधी परमिट बघा. गॅस टेस्ट झाली का विचारा. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर पाय ठेवायचा नाही. बाहेर एक माणूस पहाऱ्याला हवाच. व्हॉल्व्ह आणि स्विचला कुलूप आणि टॅग लागलेला स्वतः बघा. "पाच मिनिटांचं काम आहे, जा" असं कोणी म्हटलं तरी थांबा. नाही म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे.

काम संपलं की अनुभवाचा दाखला घेऊनच गेट सोडा. पुढच्या शटडाऊनला हेल्परचा फिटर व्हायचा असेल तर हाच कागद दाखवावा लागतो.