एनबीए टूके: दरवर्षी येणारा हा बास्केटबॉल गेम आवडतो कशामुळे आणि डोक्यात जातो कशामुळे?

सप्टेंबर आला की मला हमखास दोन-तीन मेसेज येतात. "नवीन टूके आलाय, घेऊ का?" याचं उत्तर 'हो' किंवा 'नको' असं एका शब्दात देता येत नाही. हा गेम खेळायला खरंच भारी आहे, पण तो विकण्याची पद्धत मात्र बऱ्याचदा चीड आणते. गेली अनेक वर्षं मी ही मालिका खेळतोय, त्यामुळे दोन्ही बाजू एकदाच नीट लिहून काढतो. पैसे टाकण्याआधी एवढं वाचा, मग काय ते ठरवा.

आधी ओळख करून घेऊ

एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. एकूण ३० संघ (त्यातला टोरंटोचा संघ कॅनडातला) आणि नियमित हंगामात प्रत्येकाचे ८२ सामने. आपल्याकडे क्रिकेटपुढे बास्केटबॉलला फारसं कोणी विचारत नाही, तरी ऑक्टोबर २०१९ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे संघ मुंबईत वरळीला येऊन दोन हंगामपूर्व सामने खेळून गेले. भारतात झालेले ते पहिले एनबीए सामने. त्याआधी २०१५ मध्ये पंजाबच्या सतनाम सिंगला डॅलस मॅव्हरिक्सने ड्राफ्टमध्ये निवडलं होतं.

एनबीए टूके हा याच लीगचा अधिकृत गेम. पहिला भाग १९९९ मध्ये सेगाच्या ड्रीमकास्ट कन्सोलवर आला. व्हिज्युअल कन्सेप्ट्स या स्टुडिओने तो बनवला आणि आजही तोच स्टुडिओ ही मालिका बनवतो. २००५ मध्ये टेक-टू कंपनीने हा स्टुडिओ सेगाकडून विकत घेतला आणि टूके हा ब्रँड सुरू केला. तेव्हापासून गाडी ठरलेल्या वेळापत्रकावर धावते. अलीकडच्या वर्षांत साधारण सप्टेंबरमध्ये नवा गेम, म्हणजे ऑक्टोबरमध्ये खरा हंगाम सुरू होतो तेव्हा नव्या टीमा गेममध्ये तयार.

मजा नेमकी कुठे आहे?

पहिली गोष्ट म्हणजे हालचाल. स्टीफन करीचा शॉट करीसारखा दिसतो, लेब्रॉन जेम्स धावतो तो लेब्रॉनसारखाच. खेळाडूंच्या अंगाला सेन्सर लावून त्यांच्या हालचाली टिपायच्या, ही जुनी पद्धत. टूके २४ पासून त्यात 'प्रोप्ले' नावाचं तंत्र आलं. यात खऱ्या सामन्यांच्या व्हिडिओवरूनच गेममधल्या हालचाली तयार केल्या जातात. टीव्हीवर सामना पाहणाऱ्याला फरक लगेच कळतो.

दुसरी गोष्ट, शॉट मारणं. बटण दाबून धरायचं, खेळाडू उडी मारतो, आणि चेंडू हातातून सुटायच्या नेमक्या क्षणी बटण सोडायचं. वेळ अचूक साधली की शॉट मीटर हिरवा होतो. याला खेळणारे 'ग्रीन' म्हणतात. प्रत्येक खेळाडूची शॉट मारायची लय वेगळी, त्यामुळे वेळही वेगळी. ऐकायला सोपं वाटतं, पण हात बसायला आठवडे जातात. शेवटच्या दोन सेकंदांत ग्रीन पडला की घरातले दचकतील एवढ्या जोरात ओरडायला होतं, हे अनुभवाने सांगतो.

तिसरी गोष्ट माझ्यासाठी सगळ्यात मोठी. हा गेम खेळता खेळता बास्केटबॉल समजायला लागतो. शाळेत आम्हाला एवढंच माहीत होतं की चेंडू मिळाला की रिंगकडे पळायचं. 'पिक अँड रोल' म्हणजे काय, ते मला टूकेने शिकवलं. तुमचा साथीदार बचाव करणाऱ्याच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो, तुम्ही त्याच्या बाजूने निसटता, आणि तो वळून रिंगकडे पळतो. आता बचाव करणाऱ्यांपुढे पेच असतो, तुम्हाला अडवायचं की त्याला? दोघांनी तुम्हाला घेरलं तर पास द्या, नाही घेरलं तर स्वतः शॉट मारा. हे एकदा डोक्यात बसलं की खरा सामना बघण्यातली मजा दुप्पट होते.

चौथी गोष्ट, इतिहास. २०१० मध्ये आलेल्या टूके ११ मध्ये मायकल जॉर्डनच्या कारकिर्दीतले १० गाजलेले सामने तुम्हाला स्वतः खेळायला मिळायचे. टूके २३ ने 'एराज' आणलं. म्हणजे मॅजिक जॉन्सन आणि लॅरी बर्ड यांच्या १९८३ च्या काळात किंवा जॉर्डनच्या १९९१ च्या काळात जायचं आणि तिथून लीगचा इतिहास आपल्या हाताने पुढे न्यायचा. ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता त्यांना तो काळ असा खेळून कळतो. महिलांच्या डब्ल्यूएनबीए लीगचे संघही टूके २० पासून गेममध्ये आहेत.

आता डोक्यात जाणाऱ्या गोष्टी

*१. गेमचे पैसे भरले, तरी पुन्हा पैसे*

'माय-करिअर' या मोडमध्ये तुम्ही स्वतःचा खेळाडू बनवता. अलीकडच्या भागांत त्याचं रेटिंग सुरुवातीला ६० असतं. ६० म्हणजे कसला खेळाडू? समोर कोणी नसताना मारलेला शॉटही हुकतो. रेटिंग वाढवायला लागतात व्हीसी, म्हणजे गेममधलं आभासी चलन. सामने खेळून ते मिळतात, पण सावकाश. खऱ्या पैशाने विकत घेतले तर लगेच. इथेच गोम आहे. ऑनलाइन मैदानात उतरलात की समोर पहिल्याच दिवशी पैसे टाकून ८५ च्या पुढे गेलेला खेळाडू उभा असतो. तो तुमच्याहून चांगला खेळतो असं नाही, त्याने फक्त खिसा जास्त मोकळा केलेला असतो.

आणि हेच व्हीसी कपडे, बूट आणि हेअरस्टाइललाही लागतात. टूके १८ मध्ये केस कापायच्या किमतीवरून एवढी बोंबाबोंब झाली की कंपनीला त्या कमी कराव्या लागल्या.

सगळ्यात वाईट भाग असा की पुढच्या सप्टेंबरला नवा गेम घेतला की पुन्हा ६० पासून सुरुवात. वर्षभर घडवलेला खेळाडू जुन्या गेममध्येच राहतो.

*२. पॅक, म्हणजे नशिबाचा खेळ*

'माय-टीम' मोडमध्ये खेळाडू कार्डांच्या रूपात मिळतात आणि कार्डं बंद पॅकमधून निघतात. आत कोण आहे ते पॅक फोडेपर्यंत कळत नाही. यालाच लूट बॉक्स म्हणतात. २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने पैसे देऊन घ्यायचे लूट बॉक्स जुगारात मोडतात असं ठरवलं, आणि त्या देशात टूकेला पॅकची अशी विक्री थांबवावी लागली. २०१९ मध्ये टूके २० च्या माय-टीमचा ट्रेलर आला, त्यात चक्क फिरतं चाक आणि स्लॉट मशिन होतं. लहान मुलंही खेळतात त्या गेममध्ये कॅसिनो कशाला, अशी टीका सगळीकडून झाली.

हे मी नुसतं उपदेश म्हणून सांगत नाही. एका मोबाईल गेममध्ये (हा नव्हे, नावात जायला नको) एका कार्डासाठी मी ४९, ९९ असं करत करत महिनाभरात जवळपास दोन हजार रुपये घालवले होते. एका वेळी मोठी रक्कम कधीच नव्हती, म्हणून बोचलं नाही. बँकेचं स्टेटमेंट उघडलं तेव्हा पोटात गोळा आला. ते कार्ड मिळालंच नाही. चूक माझीच, पण पॅकची रचनाच अशी असते की प्रत्येक वेळी वाटतं, पुढच्यात नक्की निघेल.

*३. जाहिराती आणि डिस्कवरची जागा*

ऑक्टोबर २०२० मध्ये टूके २१ मध्ये सामना लोड होताना टाळता न येणाऱ्या जाहिराती दिसायला लागल्या. पूर्ण किमतीच्या गेममध्ये! लोक भडकल्यावर, हे असं व्हायला नको होतं आणि पुढे दुरुस्त करू, असं कंपनीने सांगितलं. जागेचं म्हणाल तर पीसीवर नव्या भागांसाठी साधारण १५० जीबी मोकळी ठेवावी लागते. घरच्या इंटरनेटला रोजची मर्यादा असेल तर डाउनलोडलाच काही दिवस जातील.

*४. पीसीवाल्यांची उपेक्षा*

नोव्हेंबर २०२० पासून नव्या कन्सोलवर गेमची सुधारित आवृत्ती मिळत होती, पण पीसीवर मात्र जुन्या कन्सोलचीच आवृत्ती येत राहिली. टूके २४ ला तर स्टीमवर इतके वाईट अभिप्राय मिळाले की तो तिथल्या सर्वांत नापसंत गेममध्ये जाऊन बसला. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये टूके २५ पासून पीसीला नवी आवृत्ती मिळाली.

*५. सर्व्हर बंद*

टूके २० सप्टेंबर २०१९ मध्ये आला आणि ३१ डिसेंबर २०२१ ला त्याचे सर्व्हर बंद झाले. टूके २१ चे ३१ डिसेंबर २०२२ ला. म्हणजे साधारण २७ महिने. त्यानंतर ऑनलाइन सामने नाहीत, माय-टीम नाही, पैसे देऊन जमवलेली कार्डं नाहीत. मित्राबरोबर एकाच टीव्हीसमोर बसून खेळायचा साधा सामना मात्र चालतो.

आता गणित करा. वर्ष उलटल्यावर सवलतीत गेम घेतला, तर २७ पैकी १२ महिने आधीच गेलेले असतात. हातात उरतात १५. स्वस्त मिळालं म्हणून खुश व्हायच्या आधी हे लक्षात घ्या.

मग लोक दुसरा गेम का घेत नाहीत?

कारण दुसरा आहेच कुठे? ईए कंपनीची 'एनबीए लाइव्ह' ही मालिका एकेकाळी जोरात होती. २०१० मध्ये तिचं नाव बदलून 'एनबीए एलिट ११' आणायचं ठरलं, पण तो गेम बाजारात यायच्या तोंडावर रद्द झाला. त्याच वर्षी टूके ११ जॉर्डनला मुखपृष्ठावर घेऊन आला आणि मैदान मारलं. पुढे लाइव्ह परत आला खरा, पण २०१८ च्या लाइव्ह १९ नंतर कन्सोलवर नवा भाग आलेला नाही. गावात एकच दुकान असेल तर दुकानदार भाव कमी कशाला करेल? टूकेच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे, असं मला वाटतं.

फोनवर खेळायचा असेल तर

आपल्यातल्या बहुतेकांकडे कन्सोल नाही, फोन आहे. तेव्हा हे नीट वाचा.

- एनबीए टूके मोबाइल: फुकट आहे. पण हा मुख्यतः कार्डं जमवायचा गेम आहे, वर सांगितलेल्या माय-टीमसारखा. वेळ घालवायला ठीक, पण पैसे मागणारी बटणं सतत समोर येतात.
- आर्केड एडिशन: ॲपल आर्केडचं सदस्यत्व घेतलं तर आयफोनवर मिळतो. ग्राफिक्स कन्सोलएवढे नाहीत, पण ॲपल आर्केडच्या गेममध्ये जाहिराती नसतात आणि आतमध्ये काही विकतही नाहीत. व्हीसीची कटकट नको असेल आणि हातात आयफोन असेल, तर माझं मत याला. अँड्रॉइडवाल्यांना हा मार्ग नाही, हे दुर्दैव.

घ्यायचं ठरलंच तर हे करा

१. पैशाला कुलूप लावा. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी मागायचा पर्याय चालू ठेवा आणि महिन्याचं बजेटही तिथेच टाका. आयफोनवर 'स्क्रीन टाइम'मधून ॲपमधली खरेदी पूर्ण बंद करता येते. फोन आई-बाबांचा असेल तर हे आधी करा.

२. टीव्हीचा 'गेम मोड' चालू करा. गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालत असेल तर एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. टीव्ही चित्र दाखवायला १०० मिलिसेकंद उशीर करत असेल, तर तुम्ही सहा फ्रेम मागे आहात. मग ग्रीन पडणार कसा? अनेकदा दोष बोटांचा नसतो, टीव्हीचा असतो.

३. ऑनलाइनसाठी जमल्यास वायर लावा. वायफाय अधूनमधून अडखळतं आणि शॉटची वेळ चुकते.

४. आधी 'माय-एनबीए' खेळा. यात तुम्ही अख्खा संघ चालवता. व्हीसी विकत घ्यायची गरज पडत नाही आणि 'एराज'ही इथेच आहे. माझे सर्वांत जास्त तास याच मोडमध्ये गेलेत.

५. दरवर्षी घेऊ नका. एका वर्षात बदलतं ते मुख्यतः संघ, शॉटची वेळ आणि मेनू. दोन-तीन वर्षांतून एकदा घेतला की बदल खरोखर जाणवतो.

शेवटी माझं मत

एकट्याने किंवा घरात मित्रांबरोबर खेळणार असाल तर बेलाशक घ्या, बास्केटबॉलचा याहून चांगला गेम सध्या तरी नाही. पण ऑनलाइन जाऊन सगळ्यांना हरवायचं स्वप्न असेल, तर गेमची किंमत हा फक्त पहिला हप्ता आहे असं समजा. आणि दोन्ही परवडत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. जवळच्या कॉलेजचं किंवा जिमखान्याचं कोर्ट शोधा, एक चेंडू घ्या आणि संध्याकाळी पिक अँड रोल करून बघा. तिथे सगळेच ६० पासून सुरुवात करतात, आणि रेटिंग वाढवायला फक्त घाम लागतो.